आठवा

प्रेरणा ना – हो, तो प्रश्न येणार म्हणून मी मघापासून वाटच बघत होते. चहा संपेपर्यंत तुम्ही थांबलात हे तुमचं सौजन्य. मागच्या वर्षी एक बाई आल्या होत्या, त्यांनी उंबरठ्यावरच विचारलं, एक चप्पल पायात आणि एक हातात. – नाही, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, आजवर दोन गिऱ्हाइकं आडवी झालीत त्यावरून. इकडे या, ऐरणीजवळ. आणि फोन टेबलावर नको, त्या डबीवर ठेवा, टेबलावर चांदीचा कीस असतो, आत शिरला तर मग मला तुमचा फोन वितळवून तो काढावा लागेल. हां. चालू आहे ना? बोलू? तर लिहून घ्या – ‘पहाटेच्या दवबिंदूंतून आणि पानांच्या सळसळीतून त्यांना प्रेरणा मिळते.’ हे वाक्य मी आजवर चार जणांना दिलंय, चौघांनी छापलंय, एकानं तर स्वतःला सुचलं म्हणून छापलं. तुम्ही पाचव्या. आता उन्हाळ्यात दवबिंदू कुठून आणता असं एकानंही विचारलं नाही, पण असो, लोक एवढे लांबून येतात, त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं.

तुमच्या पत्रात काय होतं – थांबा, इथेच कुठेतरी ठेवलंय – ‘खेड्याच्या निसर्गरम्य वातावरणात दागिने घडवणाऱ्या एका कलावतीचा उन्हाळ्यातला दिवस.’ छान. निसर्गरम्य तर आहेच. ही खिडकी बघा. काय दिसतं? काही नाही, बरोबर, कारण तिला जाड काळं कापड लावलंय. पलीकडे टेकडी आहे, ओढा आहे, गवत आहे, सगळं आहे असं म्हणतात. पण चांदी तापवायची तर तिचा रंग दिसावा लागतो, आणि उजेडात तो दिसत नाही – अंधार केला की कळतं, आता राखाडी आहे, आता गुलाबी झाली, आता एक श्वास जास्त झाला की गेलीच, वितळून गोळा. म्हणून भर उन्हाळ्यात, पत्र्याखाली, खिडकी बंद, पंखा बंद – पंख्यानं ज्योत हलते – आणि तोंडासमोर गॅसची बत्ती. झालं निसर्गाचं सान्निध्य. उजाडलं की बसते, अकराला उठते, कारण अकरानंतर पत्रा तडतडायला लागतो, आणि घाम कपाळावरून थेट तापलेल्या तारेवर पडतो, चुर्र होतं – तो आवाज लिहा पाहिजे तर, सळसळीच्या ऐवजी. दुपारी आराम? छे हो. दुपारी कानस, दुपारी घासकाम, आणि मधून मधून विहिरीत डोकावून बघायचं की अजून पाणी आहे की नुसतीच ओल आहे. संध्याकाळी कोंबड्या. माझ्या नाहीत, शेजारच्या दूधवाल्याच्या, पण त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. मागच्या आठवड्यात एकीनं चांदीचा मणी गिळला. कानातल्यांच्या जोडीतला एक. दोन दिवस मी तिच्या मागे, हातात काटकी घेऊन, ती बसेल तिथे बसले, उठेल तशी उठले – इतकं बारकाईनं निसर्गनिरीक्षण मी जन्मात केलं नव्हतं. – मिळाला. मिळाला हो. धुतला, उजळला, बसवला, आता शहरात एका बाईंच्या कानात आहे. कोणाच्या ते विचारू नका, त्या फार स्वच्छतेच्या आहेत.

आणि निसर्गाच्या ओढीनं शहर सोडलं वगैरे छापून आलंय ना कुठेतरी – वाचलंत? मीही वाचलं, मला आवडलं. ओढ कसली, आमच्या खालच्या मजल्यावर एक वकील राहायचे. वर हातोडीची ठक झाली की खालून झाडूच्या दांड्यानं ठक. सहा वर्षं आमचं असं संभाषण चाललं. शेवटी त्यांनी घरमालकाला पत्र लिहिलं, आणि घरमालकानं मला सांगितलं, बाई, हातोडी किंवा खोली, दोहोंतलं एक ठेवा. मी हातोडी ठेवली. त्या हातोडीला जिथे कुणी नको म्हटलं नाही ती ही जागा. आजूबाजूला नुसती शेतं, त्यामुळे तक्रार करायला माणूसच नाही. याला तुमच्यात आत्मशोध म्हणतात.

काय म्हणालात? – हां. तो हार. तुमच्या मासिकाच्या मुखपृष्ठावरचा. तुम्ही तो विचारणार हेही ठरलेलंच होतं. – आणखी चहा ठेवू? नको? अर्धा कप? – बरं. तर तो हार. त्याच्याबद्दल काय काय लिहिलंय लोकांनी, मी कात्रणं ठेवलीयत, रद्दी विकायच्या वेळी वाचते. ‘वेलीची मुक्त झेप.’ ‘एकाही सांध्याविना, एकाच तारेत बांधलेलं वाऱ्याचं गाणं.’ वारा. तुम्हाला खरं सांगू का, खरं म्हणजे अगदी खरं, तुमच्या वाचकांना हवं तसं नव्हे – ते कुंपण आहे. दूधवाल्याच्या परसातलं कोंबड्यांचं कुंपण. त्याची तांबडी गाय तीन उन्हाळ्यांपूर्वी त्यात शिरली, आणि बाहेर निघताना सगळं कुंपण गळ्यात घालून निघाली. तारेचा हा एवढा गुंता झाला होता, माणसाच्या कमरेइतका उंच. जिथे तिचा खूर पडला तिथे तार चपटी, जिथे मानेचा हिसका बसला तिथे वळलेली. दूधवाल्यानं तो गुंता उचलून आणला आणि माझ्या अंगणात टाकला – म्हणाला, तुम्ही तारेतली माणसं, जरा सरळ करून द्या. तर वेल नाही, वारा नाही, गाय. लिहा. – सरळ कुणी केली? केली ना, आमच्याकडे त्या वेळी पाहुणा होता, त्याला दुसरं काही काम नव्हतं, त्यानंच –

भाऊ. माझा भाऊ. धाकटा. आला होता थोडे दिवस. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

सोनार आहे. म्हणजे खराखुरा, माझ्यासारखा कात्रणंवाला नव्हे. बाबांचं दुकान तोच चालवतो, शहरात, बाजारपेठेत, पुढे गादी आणि मागे कारागिरांची खोली. घरात त्याला फूटपट्टी म्हणायचो आम्ही. त्याच्या दुकानातल्या डझनभर बांगड्या एकावर एक रचा, मधून सुई जायची नाही. नवऱ्यामुलींच्या आयांना असं काही फार आवडतं – सगळं एकसारखं, कुठे काही वेगळं निघायला नको, मुलगीसुद्धा. – हो, मी बाबांच्याच हाताखाली शिकले, ते खरंय. सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारच्या बैठकीवर बसायचे. आठव्या वर्षी तार ओढायचे, दहाव्या वर्षी झाळून सांधे जोडायला लागले, बाबा गिऱ्हाइकांना दाखवायचे, हा जोड बघा, पोरीनं दिलाय, सापडला तर सांगा. चौदाव्या वर्षी एका सकाळी मी बसलेली, धाकटा दारात उभा, दहा वर्षांचा, केस ओले करून भांग पाडलेला. बाबा म्हणाले, “तू ऊठ आता. त्याला बसू दे.” रागानं नाही हो, मुळीच नाही. ताटात भात वाढावा तितक्या सहज. मी उठले. मग मला पुढे गादीवर बसवलं, डब्यांत कापूस भरायला. कापूस छान भरायचे मी. त्याचं कुणी मुखपृष्ठ केलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल, तुमच्याच एका जुन्या अंकात आहे. बाबा गेले, दुकान त्याच्याकडे गेलं. मी फक्त एवढं म्हटलं की मागच्या खोलीत खिडकीजवळची एक जागा मला दे, मी माझं माझं करीन. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तराजू पुसत होता, म्हणाला, “ताई, गिऱ्हाइकाला सवय नाही.” त्यानंतर अकरा वर्षं मी त्या रस्त्यानं गेले नाही. आणि अकरा वर्षं मी एक वाक्य घडवत होते, घासूनपुसून, अगदी चकचकीत – ‘दुकान त्याला मिळालं, हात मला मिळाला.’ कसं आहे? आवडलं ना? सगळ्यांना आवडायचं. सभेत म्हटलं की पहिल्या रांगेतल्या बायका मान हलवायच्या. मलाही ते इतकं आवडायचं की खरं आहे का हे बघायचं राहूनच गेलं.

मग तीन उन्हाळ्यांपूर्वी त्याच्या बायकोचा फोन. अकरा वर्षांनी पहिला. म्हणाली, यांची छाती धरलीय, चाळीस वर्षं बत्तीचा धूर आणि तेजाबाची वाफ ओढून फुप्फुसं गेलीत, डॉक्टर म्हणतो तीन महिने मोकळ्या हवेत ठेवा आणि ज्योतीच्या जवळ फिरकू देऊ नका. थंड हवेच्या ठिकाणी जायला हे तयार नाहीत, नातेवाइकांकडे तयार नाहीत, तुमचं नाव काढलं तेव्हा गप्प बसले, म्हणजे येतील. – बघा कशी बाई आहे. मी म्हटलं, मोकळी हवा माझ्याकडे भरपूर आहे, दुसरं काही नसल्यामुळे. आला. एक पेटी, औषधांची पिशवी, आणि पेटीत – मी नंतर बघितलं – कपड्यांत गुंडाळलेली बाबांची हातोडी. डॉक्टरनं काम करू नको म्हटलेल्या माणसानं.

पंधरा दिवस आम्ही बोललो ते फक्त मीठ, पाणी आणि औषध. तो तिथे, त्या दारात, खुर्ची टाकून बसायचा आणि माझं काम बघायचा. एखाद्यानं चुका काढल्या तर भांडता येतं. हा नुसता बघायचा आणि मग हळूच नजर दुसरीकडे वळवायचा, जणू कुणी कपडे बदलत असावं. तुम्ही हसताय, तुमच्यामागे असा कुणी बसवते, मग लिहून दाखवा एक ओळ. आणि मग ती गाय. तो गुंता. मी म्हटलं, टाकून दे, दूधवाला नवीन तार आणेल. पण ह्याचा स्वभाव फूटपट्टीचा, वाकडं दिसलं की हात शिवशिवतो. घेतली पक्कड आणि बसला अंजिराच्या सावलीत. पहिला दिवस नुसता सोडवत होता. दुसऱ्या दिवशी मी पाणी द्यायला गेले तर पक्कड जमिनीवर, आणि हा एक तुकडा हातात घेऊन नुसता फिरवतोय, असा, उन्हाकडे धरून. मला म्हणाला, “ताई, चाळीस वर्षं मी तार सरळ करतोय. ती वाकताना एवढी छान वाकते, हे मला कुणी सांगितलंच नाही.”

आता तुम्हाला वाटेल की बहीण गहिवरली. बहीण म्हणाली, पाणी पी आणि औषध घे. – पण दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडे चांदीची तार मागितली, आणि मी दिली. चूक झाली म्हणा, नाही म्हणा. झाळायचं तर नाही, ज्योत मनाई, म्हणजे सांधा देता येत नाही, म्हणजे जे काय करायचं ते एकाच तारेत, न तोडता. बघा, तुमचं ते ‘सांध्याविना वाऱ्याचं गाणं’ – डॉक्टरची चिठ्ठी आहे ती. वाकवून वाकवून तार कडक झाली की तो दारातून पुढे करायचा, मी आत अंधारात तापवायची, मऊ करायची, पाण्यात बुडवून परत द्यायची. सकाळभर हेच. त्याच्या हातून घ्यायची, तापवायची, द्यायची. आणि दर वेळी हातात घेतलं की मला कळायचं – कळणारच ना, मी काय भाजीवाली आहे? – की हे मला येत नाही. येणार नाही. मी जे आयुष्यभर ‘मुक्त’ आणि ‘नैसर्गिक’ म्हणून करत होते ते कष्टानं वाकडं केलेलं असायचं. ह्याची तार स्वतःहून वळल्यासारखी वळायची. चाळीस वर्षं सरळ ओढून ओढून त्याला तारेची प्रत्येक खोड माहीत झाली होती, आणि आता तो तिला म्हणत होता, जा, कर काय करायचं ते. सात दागिने केले त्या उन्हाळ्यात. तीन हार, दोन कडी, एक अंगठी, आणि एक काय आहे ते त्यालाही सांगता येईना. मला खूप आनंद झाला. काय बघताय? झाला आनंद. एका डोळ्यानं झाला.

– हो, बरोबर ऐकलंत. सात. माझ्या नावावर गाजलेले तेच सात. आता मी बोलून बसलेच आहे तर सगळंच ऐका, अर्धवट ऐकून गेलात तर उरलेलं तुम्ही तुमच्या मनानं भराल, तुमच्या धंद्यात तेच करतात.

जाताना त्यानं सातही माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, वितळव, चांदी तुझीच आहे. मी म्हटलं, घेऊन जा, दुकानात ठेव. तर दचकलाच. म्हणाला, असल्या वेड्यावाकड्या वस्तू काचेत ठेवल्या तर लोक म्हणतील ह्याची नजर गेली, हात थरथरतो, उद्या आमच्या बांगड्यांचं काय करेल. खरंच वाटत होतं त्याला तसं, नम्रपणा नव्हता. गेला. मी वितळवले नाहीत. ह्या फळीवर ठेवले, ह्याच, डब्यांच्या मागे. दोन महिन्यांनी त्या प्रदर्शनवाल्या बाई आल्या माझं काम बघायला, आणि माझं काम बघता बघता त्यांची नजर गेली डब्यांच्या मागे. एक एक उचलला, दारात उजेडाला नेला. मग वळून म्हणाल्या, हे तुमचं? – आता मी काय म्हटलं असेल? हो म्हटलं नाही. एवढं लक्षात ठेवा, मी हो कधीच म्हटलं नाही, आजतागायत नाही, कुठल्याही कागदावर दाखवा. मी म्हटलं, चहा घेणार ना? आणि चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. मी फक्त साखर किती ते विचारलं.

पुढचं सगळं छापील आहे. प्रदर्शन, पुरस्कार, तुमचं मुखपृष्ठ. आणि सगळे विचारायला लागले, नवीन कधी? आठवा कधी? दोन उन्हाळे मी आठवा करायला बसले. ती पेटी बघा, ती, कोपऱ्यातली – उघडू नका, तुटलेली तार आहे सगळी, हाताला लागेल. ते माझे आठवे. एकानं लिहिलं, ‘सध्या त्या चिंतनात आहेत.’ फार हुशार माणूस. – भाऊ? भाऊ काय म्हणणार. पेपरात फोटो आला, हार गळ्यात घालून कुणीशी नटी आणि शेजारी मी दात काढून. त्यानं बघितला असणारच, दुकानात तीन पेपर येतात. फोन आला नाही. मीही केला नाही. वर्ष गेलं. आणि दोन महिन्यांपूर्वी पोस्टमन एक पुडकं घेऊन आला.

थांबा. दाखवते. – हा हार. हातात घ्या, चावत नाही. – हो. आठवा. माझा नाही. चिठ्ठीही आहे, एवढीशीच, दुकानाच्या पावतीच्या पाठीवर. वाचा मोठ्यानं. नको, मीच वाचते, मला पाठ आहे. ‘आठवा. कमी पडत असेल तर.’ संपलं. ना ताई, ना नमस्कार, ना सही. आता मला सांगा, ह्याचा अर्थ काय? तुम्ही शब्दांतल्या ना? ‘आठवा’ म्हणजे सातानंतरचा आठवा, की आठवा, जरा आठवून बघा बाई, कुणाच्या जिवावर उड्या मारताय? मला तो कधी अहो-जाहो करत नाही, पण टोमणा मारायचा असला की करतो, लहानपणापासून. दोन महिने मी ती चिठ्ठी उलटीसुलटी करतेय. आणि हे बघा, हे इथे, मागच्या बाजूला – भिंगानं बघा – दिसलं? नाहीच दिसणार. सांधा आहे तिथे. बारीक केसाएवढा. तार कडक होऊन तुटली असणार, तापवून द्यायला कुणी नव्हतं, कारागिरांना दाखवायची लाज, म्हणून सुट्टीच्या दिवशी एकटा बसून ह्यानं बत्ती पेटवली. डॉक्टरनं सक्त ताकीद दिलेली असताना. मला थप्पड मारायला स्वतःची छाती जाळायची काय गरज होती? पोस्टकार्डावर मारायची. मी ठरवलं, थप्पड ती थप्पड. ठेवून दिली ड्रॉवरमध्ये. आज तुम्ही येणार होतात, तुम्हाला तो आठवा म्हणून दाखवणार होते. हो, माझा म्हणून. सकाळी उठून उजळा दिला त्याला. कमी पडतच होतं ना, मग? पाठवलाय तर वापरते, असा माझा विचार होता. तुमच्या ‘प्रेरणा’ शब्दानं सगळा घोटाळा केला.

फोनकडे काय बघताय? विचारा ना पुढचं. एवढं ताजं –

काय? कुठे गेला होतात? – दुकानात? आमच्या? कधी? – परवा. अच्छा. परवा. लहानपणाबद्दल विचारायला. छान, म्हणजे मी इथे तासभर घसा कोरडा करतेय आणि तुम्ही आधीच – मग त्यानं सांगितलंच असेल सगळं. तरी तुम्ही भोळ्या चेहऱ्यानं चहा पीत बसलात. शाबास. काय सांगितलं त्यानं? बोला ना, मला आता काय लागायचं राहिलंय.

पुन्हा सांग. – सातही माझे? असं म्हणाला? त्याच्या तोंडानं? – ‘मला असलं जमत नाही, मी बांगडीवाला.’ – आणि? – खोकत होता? किती? म्हणजे बोलताना मधे थांबावं लागत होतं, की नुसताच? – आणि मुखपृष्ठ? कुठे लावलंय? गादीच्या मागे. काचेत. गिऱ्हाइकांना दाखवतो. काय म्हणून दाखवतो? – ‘ताईचा हात बघा.’

खोटारडा. एक नंबरचा खोटारडा. जन्मात कधी गिऱ्हाइकाला खोटं बोलला नाही आणि आता म्हातारपणी मासिकवाल्यांना बोलतोय. कुणी सांगितलं होतं त्याला मोठं व्हायला? थप्पड असती तर किती सोपं होतं गं, थप्पड परत करता येते. हे काय करायचं आता? हे कुठे ठेवायचं? – नाही, मी रडत नाहीये, कीस गेलाय डोळ्यात, ह्या खोलीत सगळ्यांच्या जातो, मघाशी तुलाही सांगितलं नाही का. – बस तू. पाणी नको मला.

हे बघ, लिही. वही काढ, फोनवर माझा भरवसा नाही. सातही त्याचे. मी तापवून दिले, ते माझं, तेवढं लिही, त्यापेक्षा एक अक्षर जास्त नको. आणि कमीही नको, तापवायलाही अक्कल लागते. हा आठवाही त्याचा. तो नाही म्हणेल, तर तो नाही म्हणतो असंही लिही, दोन्ही छाप, लोकांना ठरवू दे कोण जास्त खोटं बोलतं. – पुरस्कार परत मागतील? मागू देत की. मानचिन्ह ना? ते पिठाच्या डब्यावर आहे, उंदीर झाकण उचलतात म्हणून वजन ठेवलंय, काढून धुऊन देते, घेऊन जा जाताना. – तुझा संपादक रागावेल? मुखपृष्ठ चुकीचं निघालं म्हणून? मग त्याला तो दवबिंदू दे, संपादकांचं समाधान होतं त्यानं. – आणि गिऱ्हाईक पळालं दुकानातलं, तर पळू दे. त्याला इकडे यायला निमित्त होईल. अजून दीड महिना आहे उन्हाळा, खुर्ची आहे, हवा आहे, आणि ह्या वेळी बत्तीला त्यानं हात लावला तर मी बोटं मोडीन.

किती वाजले? तुझी बस पावणेपाचची, अजून वेळ आहे. दुकान आत्ता उघडं असेल. माझा चष्मा – राहू दे, नंबर पाठ आहे, बाबांच्या वेळेपासून तोच आहे. हे तुझं रेकॉर्डिंग बंद कर. खरंच बंद कर, नुसतं उलटं ठेवू नकोस, मला फरक कळतो.

वाजतोय. – तू बाहेर जाऊन बस. – बाहेर म्हटलं ना. आणि दार ओढून घे, कोंबड्या आत येतात.